कुरीला बांधलेला दोरा

ओसावा, इवाते
९ नोव्हेंबर २०२५

अनुराधाताई,

आधी नमस्कार, कारण खाली बऱ्याचशा तक्रारीच आहेत.

कागदावर का लिहितेय, असं विचाराल. तुमचा भाऊ दिवसभर घरात बसून काम करतो आणि या जुन्या घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीत ताणलेला कागद. मी स्वयंपाकघरात फोनवर बोलले की त्याच्या मीटिंगमधल्या तानाका-साननाही ऐकू जातं. तुम्ही फोनवर "रणजित कसा आहे" विचारता आणि मी "मस्त" म्हणते, ते त्याच्यासमोर म्हटलेलं असतं. म्हणून हे पत्र. त्सुकुबाला पोचायला किती दिवस लागतात, बघू.

तसा तो खरंच बरा आहे. इचिकावाच्या घरात छातीत कळ येऊन पडला त्याला वीस महिने होतील. डॉक्टर म्हणाले होते, रोजची ट्रेनची धावपळ थांबवा. कंपनीने घरून काम करू दिलं आणि हा गडी थेट या जंगलाच्या तोंडाशी येऊन बसला. गोळ्या वेळेवर घेतो. मी त्याला लाकडं फोडू देत नाही, बर्फ पडलं की फावडं हातात देणार नाही, चढावर माझ्यापुढे चालू देत नाही. तो म्हणतो, मी त्याचं टेस्टिंग करते. वीस वर्षं नोकरीत तेच केलं, दुसरं काय येतं मला?

यंदा अस्वलं फार खाली उतरलीत. डोंगरात ओकची फळं धरलीच नाहीत म्हणतात. गावच्या भोंग्यावरून रोज सूचना येते, कुठे दिसलं, कुठे जाऊ नका. परसातल्या काकीची, म्हणजे पर्सिमॉनची, फळं आम्ही सगळी तोडून टाकली. बाहेर पडताना कमरेला घंटा लावायची. तुमचा भाऊ घंटा लावून फिरतो तेव्हा आमची हरवलेली गाय घरी आल्यासारखं वाटतं.

आमच्या मागचं सगळं रान किकुची-सानचं. वय अठ्ठ्याहत्तर. ते अजून घोड्याने ओंडके ओढतात. यंत्र आत न्यायचं तर आधी रस्ता पाडावा लागतो, रस्त्यासाठी चांगली झाडं जातात आणि माती वाहते, असं त्यांचं म्हणणं. घोडीचं नाव फुकु. तिचे खूर माझ्या तव्याएवढे आहेत. किकुची-सान तिच्यावर कधी ओरडत नाहीत, जिभेने टक् करतात आणि ती थांबते. रणजित जेवणाच्या सुट्टीत कुंपणाशी उभा राहून हे बघतो.

एक विचारायचं होतं. मागच्या वाटेवर कुरीचं भलंमोठं झाड आहे. कुरी म्हणजे आपण चेस्टनट म्हणतो ते. त्याच्या बुंध्याला कुणीतरी पांढरा दोरा गुंडाळलाय. किकुची-सान आजूबाजूची झाडं पाडताहेत, पण या झाडाशी आले की टोपी काढतात आणि वळसा घालून जातात. जंगलात काम करणाऱ्यांत दोऱ्याचा काही अर्थ असतो का? तुम्ही लाकडातल्या डॉक्टर, म्हणून सहज विचारलं.

तुमची,
मंजुषा

*

त्सुकुबा
१८ नोव्हेंबर

मंजू,

पत्र तीन दिवसांत पोचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोरा सुती असेल तर झाडाला काही होत नाही. बुंधा वाढतो तसा दोरा तुटतो, नाहीतर कुजून पडतो. नायलॉनचा असेल तर सालीत रुततो, तो काढायला हवा. आता किकुची-सान. त्या भागात दोर बांधलेलं झाड देवाचं समजतात. देवळातल्या झाडाला गवताचा जाड दोर असतो, तो तू पाहिला असशील. त्यांना तुमच्या त्या दोऱ्यात तसंच काही दिसलं असेल, तर ते त्या झाडाला हात लावणार नाहीत. दोरा कुणी बांधला, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

इथे सगळं शांत आहे. सकाळी सायकलने प्रयोगशाळा, संध्याकाळी सायकलने घर. मी दिवसभर लाकूड बघते, झाड क्वचितच. लाकडाचे बोटभर तुकडे दाबून ते कधी मोडतात याची नोंद ठेवते. श्यामला जाऊन चार वर्षं झाली तरी रात्रीचा भात मी अजून दोघांपुरताच लावते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात नेते, तेव्हा वाया काही जात नाही.

रणजितला थोडं चालू दे. चढावर तो पुढे गेला म्हणून काय बिघडणार आहे?

अनुराधा

*

ओसावा
१५ डिसेंबर

अनुराधाताई,

ते सहज नव्हतं. दोरा मीच बांधला.

पुण्यात असताना वटपौर्णिमेला नटूनथटून ऑफिसात येणाऱ्या बायकांना मी किती हसायचे, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वडाला जायचात तेव्हा तुम्हालाही मनातल्या मनात हसायचे. माफ करा. आणि यंदा जूनमध्ये मी स्वतः उठले. इथे वड कुठला. पिशवीत स्वयंपाकघरातला दोरा, हळदकुंकू, तांदूळ आणि आंब्याऐवजी डब्यातलं पीच. जे सगळ्यात मोठं झाड दिसलं त्याला सात फेरे घातले. कमरेची अस्वलाची घंटा पावलापावलाला वाजत होती, त्यामुळे पूजा तरी साग्रसंगीत झाली. रणजितला काही बोलले नाही. तो इचिकावाच्या घरात फरशीवर पडलेला मी पाहिलाय, ताई. तेव्हापासून हसणं संपलं.

तुम्हाला का नाही सांगितलं, ते कळेलच. श्यामभाऊजी गेले आणि मी तुम्हाला लिहायचं की मी नवऱ्यासाठी वड पुजला? माझ्याच्याने होईना.

आता पुढचं ऐका. किकुची-सानच्या पत्नी परवा मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. त्यांची नात नवऱ्याला आणि तान्ह्या बाळाला घेऊन सेंदाईहून कायमची परत येतेय. खोऱ्यातली पोरं बाहेरच जातात, परत येणारी ही पहिली. घराची उत्तरेकडची बाजू खचलीय, पायातली आडवी तुळई कुजलीय. कुरीचं लाकूड ओलीत राहूनही कुजत नाही, म्हणून पायाला तेच घालतात. हे झाड किकुची-सानच्या वडिलांनी घराच्या पायासाठीच राखून ठेवलं होतं. सुतार वाट बघतोय. फेब्रुवारी संपायच्या आत पाडायला हवं. नंतर झाडात पाणी चढतं, आणि बर्फ वितळलं की एवढा ओंडका फुकुला ओढवत नाही. मार्चमध्ये फुकु दुसऱ्या गावी जाणार, किकुची-सान काम थांबवताहेत.

एवढं सांगून त्या म्हणाल्या, "पण त्या झाडापाशी कुणीतरी प्रार्थना केलीय. आता ते पाडणं नाही चालायचं." बोलताना त्या मुळ्याकडे बघत होत्या. अख्ख्या खोऱ्यात कुंकू लावणारी बाई मी एकटी. सहा महिने नवराबायकोला माहीत आहे आणि दोघांनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात किकुची-सान दुसरं कुरी शोधायला उत्तरेच्या घळीत उतरले आणि घसरले. फुकु जागची हलली नाही म्हणून तिचा लगाम धरून वर आले. गुडघा सुजलाय. तरी पुन्हा जाणार म्हणतात.

मी दोनदा कात्री घेऊन झाडापाशी गेले. हात पुढे होत नाही. दोरा काढला आणि त्याच आठवड्यात रणजितला काही झालं तर? हा मूर्खपणा आहे हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. तुम्ही सांगा, मी काय करू?

मंजुषा

*

त्सुकुबा
२४ डिसेंबर

मंजू,

मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. पांढरा दोरा, बुंध्याभोवती, आणि विचारणारी पुण्याची सून. तरी मी तुला नायलॉनचं व्याख्यान दिलं. तू लपवलंस, मी कानाडोळा केला. फिट्टंफाट.

पण राग आलाच. तू हसायचीस त्याचा नाही, ते मला तेव्हाही दिसायचं. राग याचा आला की तूही मला बाजूला काढलंस. श्याम गेल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. कुणी वाईट वागलं नाही, फक्त माझ्यासमोर बोलताना त्या विषय जपून निवडायला लागल्या. माझ्यासमोर नवऱ्यांची तक्रारसुद्धा करत नाहीत. तू तरी भरपूर करत जा.

आता तुझा प्रश्न. मी चौदा वर्षं दोरा बांधला. आधी कोथरूडला आमच्या सोसायटीमागच्या वडाला. इथे आल्यावर वड नाही म्हणून सायकल स्टँडजवळच्या एका झाडाला, सकाळी लवकर, कुणी यायच्या आत. पदवी लाकडाची आणि काम हे, म्हणून श्याम चिडवायचा. चौदाव्या वर्षी जूनमध्ये बांधला, आणि सप्टेंबरमध्ये तो तीन आठवड्यांच्या आजारात गेला. दोरा तसाच होता. पुढे दोन महिने मी रोज त्याच्यासमोर सायकल लावत होते.

तेव्हा दोऱ्याने माणूस राहतो, असं मी तुला सांगू शकत नाही. काहीच होत नाही, असंही माझ्या तोंडून निघत नाही, मग माझी चौदा वर्षं कुठे जायची? मला एवढंच कळतं की दोरा बांधला त्या दिवशी मी त्याचा विचार करत होते, आणि ते खरं होतं. झाड उभं राहिलं काय, पडलं काय, तेवढं खरंच राहतं.

एका म्हाताऱ्या माणसाला तुझ्या भीतीपायी घळीत पाठवू नकोस. घर कोसळलं तर त्या बाळाला कुठे ठेवतील? दोरा सोड. कात्री नको, गाठ सोड.

रणजितला सांग सगळं. बारीकसारीक गोष्टीत तू त्याला जपतेस आणि ही एवढी मोठी गोष्ट त्याच्यापासून लपवतेस.

अनुराधा

*

ओसावा
५ जानेवारी

अनुराधाताई,

पत्र चार वेळा वाचलं. हळदीकुंकवाचं मला माहीत नव्हतं. मला लाज वाटली, कारण मीही तेच केलं.

रणजितला सांगितलं. मला वाटलं होतं, खो खो हसेल. हसला नाही. म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर घंटा वाजवायला मी आलो असतो." मग चहा ढवळता ढवळता मनातलं बोलला. त्याला वाटायचं की आजारपणाची भीती फक्त त्यालाच आहे आणि मी नुसतीच कटकटी आहे.

तरी गाठ सुटेना. काल पुन्हा गेले. गुडघाभर बर्फ. हातमोजे काढून गाठीला बोट लावलं आणि ते पुन्हा चढवले. परत फिरले. रणजित म्हणाला, "मी सोडतो." ते मला आणखीच नको वाटलं. ज्याच्यासाठी बांधला त्यानेच तो सोडायचा?

बारा तारखेला इथे कुणी डोंगरात जात नाही. त्या दिवशी डोंगराची देवी आपली झाडं मोजते आणि आत सापडलेला माणूसही झाडांत मोजला जातो, म्हणतात. तो दिवस गेला की किकुची-सान पुन्हा घळीत उतरणार. गुडघ्याला पट्टा बांधून त्यांनी दोर बाहेर काढून ठेवलेत.

ताई, तुम्ही या. तुम्ही सोडा. आपल्याकडे हे कुणाला सांगितलं तर कानांवर हात ठेवतील, मला माहीत आहे. वडाच्या पूजेला ज्यांना बोलवत नाहीत त्यांनाच मी बोलावतेय. पण दुसऱ्या कुणाचा हात मला चालणार नाही. चौदा वर्षं तुम्ही हे मनापासून केलंय, सोडायचं कसं ते तुम्हालाच कळेल. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.

मंजुषा

*

त्सुकुबा
८ जानेवारी

मंजू,

शनिवारी, सतराला येते. शिन-हानामाकीला दुपारी दीडच्या सुमारास उतरेन, रणजितला गाडी घेऊन यायला सांग. मला जाड बूट लागतील, तुझा नंबर माझाच आहे.

पत्र मिळाल्याबरोबर किकुची-सानकडे जा. दोरा तुझा आहे, नवऱ्यासाठी बांधला होता आणि रविवारी तो सोडायचा आहे, असं स्वतःच्या तोंडाने सांग. त्यांना तोवर घळीत जाऊ देऊ नकोस. त्यांनी तुला सहा महिने विचारलं नाही, तेव्हा एवढं त्यांचं देणं लागतेस.

मला बोलावलंस ते बरं केलंस.

अनुराधा

*

ओसावा
२५ जानेवारी

अनुराधाताई,

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतंय. तुम्ही लावलेला भात दोन दिवस पुरला.

मी किकुची-सानकडे गेले ते तुम्हाला घाईत नीट सांगितलंच नाही. दारातच सगळं बोलून टाकलं, जपानीत, चुका करत. ते ऐकून म्हणाले, "नवरा चांगला चालतो की आता. मी रोज बघतो." आणि घळीसाठी काढलेले दोर गुंडाळून आत ठेवले. मी घरी येईपर्यंत रडत होते.

रविवारचं तुम्हाला माझ्या बाजूने सांगते. तुम्ही दोघं वर झाडापाशी गेलात आणि आम्हाला खाली फुकुपाशी थांबायला सांगितलंत. तीसेक पावलांवरून तुमची पाठच दिसत होती. किकुची-सानने बुंध्याशी काहीतरी मांडलं, तुम्ही वाकलात, मग गाठीवर थर्मासमधला चहा ओतलात की काय केलंत, वाफ दिसली. गाठ सुटली असेल त्या क्षणी मी रणजितच्या मनगटावर बोट ठेवलं होतं. खरंच. तो म्हणाला, "चालू आहे, काळजी करू नकोस."

मग तुम्ही दोघं हात जोडून बराच वेळ उभे होतात. तुम्ही काहीतरी बोललात, त्यांनी दोनदा टाळी वाजवली. करवत चालली, झाड पडलं, बर्फाचा धुरळा खाली आमच्यापर्यंत आला. फुकुने कान हलवले, बस.

पुढचं तुम्ही पाहिलंत. किकुची-सानचा गुडघा वाकेना तेव्हा त्यांनी लगाम रणजितच्या हातात दिला. मी तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तोंड मिटलं. तो ओंडक्यासोबत रस्त्यापर्यंत चालत गेला, चढावर माझ्यापुढे. आता रोज तासभर फुकुकडे जातो. शेणाच्या वासाचा घरी येतो आणि मीटिंगला बसतो.

सुताराने लाकूड पाहून मान डोलावली. नात मार्चमध्ये येतेय.

पण ताई, वर झाडापाशी तुमचं काय बोलणं झालं? जेवताना तुमचे डोळे लाल होते, मी रणजितसमोर विचारलं नाही. किकुची-सानना काल विचारलं तर म्हणाले, ते डोंगराशी बोलणं होतं, माझ्याशी नव्हे.

मंजुषा

*

त्सुकुबा
१ फेब्रुवारी

मंजू,

सांगते. फोनवर जमलं नसतं.

सातातले तीन वेढे आधीच तुटले होते. उरलेले ओलीने फुगून गोठले होते आणि गाठ दगडासारखी झाली होती. किकुची-सानने बुंध्याशी मीठ, तांदूळ आणि साके दारूची वाटी ठेवली. चहा ओतायची कल्पना त्यांची. मी गाठ सोडली. तुझ्या गाठी तुझ्या अक्षरासारख्याच आहेत, वेळ लागला.

दोरा हातात आल्यावर त्यांनी विचारलं, "हा कुणासाठी होता? नाव सांगा. झाड पाडण्याआधी डोंगराला कळवायला हवं. आजवर या झाडापाशी त्याची काळजी होती, आता ती तू स्वतः घे, असं सांगायचं." ते अगदी साधेपणाने म्हणाले, दवाखान्यात नाव विचारावं तसं.

मी "रणजित" म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग हात जोडून ते तसेच थांबले. घाई नव्हती त्यांना. मी अजून काही सांगेन असं त्यांना वाटलं असेल किंवा नसेलही. आणि मी म्हणाले, "आणि श्याम."

मंजू, गेली चार वर्षं मी हे नाव कुणासमोर घेतलं की समोरचा माणूस आधी खाली बघतो. मग माझा हात धरतो, नाहीतर विषय बदलतो. तूसुद्धा. किकुची-सानने आजूबाजूला पाहिलं नाही. हा कोण, कुठे असतो, विचारलं नाही. त्यांनी दोन्ही नावं घेतली, एकापाठोपाठ एक, एकाच आवाजात, दोघांनाही आदराचं "सान" लावून. म्हणाले, "या दोघांना सांभाळ." आणि टाळी वाजवली.

मग मला म्हणाले, मागे सरका, आणि करवत सुरू केली. मी मागे सरकले. करवतीच्या आवाजात रडायला बरं पडतं, कुणाला ऐकू जात नाही.

त्यांना वाटतंय की दोघंही आहेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

अनुराधा